तोच खोकला दोनदा : ऑपेरा ‘थेट’ ऐकवणाऱ्या रेडिओवाल्यांना खुले पत्र

प्रति,
इटालियन ऑपेराचं रेडिओवरून थेट प्रक्षेपण करणारे निर्माते, मिक्सरवर बसणारे अभियंते आणि निवेदक,
मुक्काम मिलान, रोम, न्यूयॉर्क आणि जिथे कुठे असाल तिथे.

स. न. वि. वि.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं चाललं, आता शटर खाली आहे. इटालियन मला येत नाही. गोष्ट आधी वाचून घेतो, बाकी कानावर सोडतो. गेली पंधरा-सोळा वर्षं तुमच्याकडून येणारा ऑपेरा, म्हणजे तिकडचं गाऊन सादर होणारं नाटक, मी रात्री जागून ऐकतोय. आता तक्रार करायची वेळ आली, तर ती मराठीतच करतो. परक्या भाषेत लिहिली की तक्रारीचा अर्ज होतो.

झालं असं. मागच्या हिवाळ्यात एका केंद्रावर पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा ‘तोस्का’ लागला. केंद्राचं नाव घेत नाही, कारण एकट्याला बदनाम करून उपयोग नाही. ‘थेट नाट्यगृहातून’ असं निवेदकानं दोनदा सांगितलं. पहिल्या अंकात चित्रकार चर्चमध्ये गात असताना प्रेक्षागृहात उजव्या अंगाला कुणीतरी खोकलं. कोरडा खोकला, दोन ठसके, मधे छोटा श्वास, शेवटी खुर्चीची कुरकुर. हरकत नाही, थंडीत माणसं खोकणारच. दुसऱ्या अंकात नायिका तोस्काचं ते प्रसिद्ध एकल गाणं संपलं आणि तोच माणूस पुन्हा खोकला. तेच दोन ठसके, तोच श्वास, तीच कुरकुर. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. अहो, जन्मभर टेपरेकॉर्डरची हेडं घासली मी. एकच माणूस दोनदा एकसारखा खोकू शकत नाही. म्हणजे तिथं काहीतरी कापलं होतं आणि भोक बुजवायला दुसरीकडची ‘शांतता’ आणून चिकटवली होती. बाईंचा सूर घसरला होता, टाळ्या लांबल्या होत्या की वरून कुणी हुर्यो केली होती, देव जाणे. दुसऱ्या दिवशी नातीनं शोधून दाखवलं. कार्यक्रमाच्या माहितीत अगदी तळाला, बारीक अक्षरांत तारीख होती : प्रयोग तीन आठवड्यांपूर्वीचा.

रेकॉर्ड करून ऐकवायला माझी ना नाही. रोज थेट ऐकवणं परवडत नाही हे मलाही कळतं. वायर, माणसं, भाडं, युनियन, सगळं आलं. पण मग ‘रेकॉर्ड केलेलं आहे’ असं म्हणा ना! दूध म्हणून पावडर देऊ नका एवढंच म्हणणं आहे. पावडरीचा चहासुद्धा मी पितो, पण सांगून द्या.

त्या रात्री याहून जिवाला लागलं ते तिसऱ्या अंकात. ज्यांना ‘तोस्का’ ठाऊक नाही अशा माझ्या मराठी वाचकांसाठी थोडं सांगतो, तुम्ही तेवढ्यात चहा घ्या. गोष्ट रोममधली, जून १८०० मधली. तिसरा अंक पहाटेचा. किल्ल्याच्या गच्चीवर चित्रकाराला गोळ्या घालायच्या आहेत आणि खाली शहर जागं होतंय. आधी ऑर्केस्ट्रातले चार हॉर्न दणक्यात वाजतात, मग सगळं खाली येतं. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, एका मेंढपाळ पोराचं रोमच्या बोलीतलं गाणं, आणि मग लांबून, जवळून, आणखी लांबून चर्चच्या घंटा. हे लिहिण्याआधी पुच्चिनी स्वतः पहाटे त्या किल्ल्यावर जाऊन घंटा ऐकून आला होता, सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा सूर कोणता आहे हेही त्यानं विचारून घेतलं होतं. कशासाठी? तर कुठली घंटा किती लांब आहे हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. आता तुम्ही काय केलंत? आवाज खाली गेला की आपोआप वर ओढणारं यंत्र लावून ठेवलंत. मेंढपाळ पोरगं एकदम माझ्या कानाशी येऊन ओरडायला लागलं, सगळ्या घंटा एका ओळीत, एकाच अंतरावर, शाळेची घंटा वाजावी तशा. आणि त्यांच्या मागून प्रेक्षागृहाचा श्वास भरतीच्या पाण्यासारखा वर आला. पहिल्या अंकाच्या शेवटी उलटी गत. तिथं तोफा आहेत, घंटा आहेत, ऑर्गन आहे, भरलेल्या चर्चमधला कोरस आहे, आणि त्या सगळ्यात पोलीसप्रमुख स्कार्पिया मनातलं पाप बोलतोय. ते वाढत वाढत छाताडावर यायला हवं. माझ्याकडे आलं ते पाटाखाली दाबलेल्या पापडासारखं.

मला माहीत आहे तुम्ही असं का करता. गाडीत ऐकणारे असतात, स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना ऐकणारे असतात, त्यांना बारीक आवाज ऐकू यायला हवा. पण आठवड्यातले सहा दिवस तुमचं सगळंच त्यांच्यासाठी सपाट केलेलं असतं. शनिवारचे तीन तास सोडा की!

शनिवार म्हणालो, त्याचंही सांगतो. आमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐकायची घरोघरी सवय होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा शनिवार दुपारचा एकचा प्रयोग हिवाळ्यात आमच्याकडे रात्री साडेअकराला पडतो. मार्चमध्ये अमेरिकेनं घड्याळं पुढं केली की साडेदहाला. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा हंगाम ७ डिसेंबरला, शहराच्या संतांच्या दिवशी उघडतो. तिथल्या संध्याकाळी सहाच्या पडद्याला इथं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे जेवणं झालेली, भांडी घासलेली, गल्लीतली कुत्री अजून सुरू व्हायची आहेत. ऑपेरा ऐकायला मिरजेइतकी सोयीची वेळ खुद्द युरोपातही नसेल.

हे वेड लावलं एका गोवेकर व्हायोलिनवादकानं. मुंबईत सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात वाजवून निवृत्त झालेले, मुलगी इथल्या मिशन हॉस्पिटलात नर्स, म्हणून मिरजेत आलेले. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकले होते. त्यांचा व्हॉल्व्हचा सेट माझ्याकडे दुरुस्तीला आला. मी एक कपॅसिटर बदलला आणि शॉर्टवेव्हवर काटा फिरवून बघत होतो. शिट्ट्या, खरखर, मधेच चिनी, मधेच अरबी. एका ठिकाणी एक पुरुषी आवाज वर आला, बुडाला, परत वर आला. मास्तरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, “हलवू नको.” मी काटा तसाच धरून उभा राहिलो. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, “तोस्का. याला आता पहाटे मारणार आहेत.” आणि थोड्या वेळानं, जणू माझीच चूक असल्यासारखं, “हे लोक माईक लावून गात नाहीत, कळलं?”

तो माईकचा मुद्दा माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. सत्तर-ऐंशी वाद्यांच्या वरून एकटा गळा शेवटच्या रांगेपर्यंत जातो कसा? पुढे वाचलं तेव्हा उलगडलं. ऑर्केस्ट्राचा मुख्य जोर पाचशे हर्ट्‌झच्या आसपास असतो, वर तो उतरत जातो. ही शिकलेली माणसं घसा आणि तोंड अशा बेतानं ठेवतात की आवाजात अडीच ते साडेतीन हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात एक टोक तयार होतं. तिथं वाद्यांची गर्दी कमी आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट. आता गंमत बघा. शॉर्टवेव्हवर साडेचार-पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलंच जातं. व्हायोलिनची झळाळी गेली, झांजा गेल्या, खालचा ढोलही माझ्या चार इंची स्पीकरला पेलला नाही. पण गायकाचं ते टोक बरोबर त्या चिंचोळ्या फटीतून आलं. ऑपेरा रेडिओवर जगला याला बाकी कारणं असतील, मेकॅनिकच्या हिशेबी हे एक पुरे आहे.

तुमच्या धंद्याची सुरुवातच मुळी खरखरीतून झाली. जानेवारी १९१० मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकन रेडिओ-संशोधकानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधून पहिल्यांदा ऑपेरा हवेत सोडला, एका रात्री ‘तोस्का’चा भाग, दुसऱ्या रात्री गायक कारुसोचा ‘पालियाच्ची’. बंदरातली जहाजं आणि कानाला यंत्र लावून बसलेले थोडे बातमीदार, एवढाच श्रोतृवर्ग. कुणाला नीट ऐकू आलं नाही. तो प्रयोग फसला असंच म्हणायला हवं. मग १९३१ च्या नाताळाच्या दिवशी त्याच नाट्यगृहातून पहिला पूर्ण ऑपेरा गेला, तो मात्र जर्मन होता. तेव्हा डीम्स टेलर नावाचे संगीतकार गाणं चालू असताना मधेमधे गोष्ट समजावून सांगत होते. त्यावर एका श्रोत्यानं तार पाठवली की साहेबांनी अधूनमधून मौनाचेही चमकदार झटके द्यावेत. ही तार मला फार आवडते. तिची प्रत करून प्रत्येक निवेदकाच्या खोलीत लावावी.

निवेदकावर माझा राग आहे असं समजू नका. मिल्टन क्रॉस या गृहस्थांनी १९३१ पासून १९७५ च्या जानेवारीत वारेपर्यंत ते शनिवार चालवले. ४३ वर्षांत दोनच शनिवार चुकले, बायको गेली तेव्हाचे. पडद्याचा रंग, नायिकेच्या झग्याची किनार, कोण कुठून आत येतंय, हे सगळं पडदा वर जायच्या आधी सांगायचं आणि सूर लागला की गप्प बसायचं. आणि ७ डिसेंबर १९४० पासून २००४ पर्यंत या प्रक्षेपणांचा खर्च टेक्साको या तेल कंपनीनं उचलला, पण अंक चालू असताना एक जाहिरात मधे आली नाही. आमच्याकडे तेव्हाच्या टीव्हीवर समेवर येण्याआधी साबण यायचा, त्यामुळे या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर. ‘थेट’मध्ये काय असतं, जे तुम्ही कात्रीनं काढून टाकता?

२ जानेवारी १९५८. रोमचं ऑपेरागृह, म्हणजे ‘तोस्का’ १९०० मध्ये पहिल्यांदा झाला तेच नाट्यगृह. ‘नॉर्मा’ हा ऑपेरा, गायिका मारिया कालास, समोर खुद्द इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी, आणि देशभर रेडिओ लावून बसलेली माणसं. कालासचा घसा बसला होता. पहिला अंक तिनं रेटला. मग मध्यंतर झालं, ते लांबलं, आणखी लांबलं, आणि शेवटी प्रयोग थांबवल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिला सोलून काढलं. पण त्या पहिल्या अंकाचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. ते मी ऐकलंय. लोकांनी उठवलेल्या बोभाट्याइतकं वाईट ती गात नाहीये. सावध गातेय, गाळात पाय टाकणारं माणूस चाचपत जातं तशी. दुरुस्त करून तीन आठवड्यांनी ऐकवलं असतं तर हे कुणाला कळलं असतं? उरला असता तो नुसता बोभाटा.

७ डिसेंबर १९९२, ला स्काला, वेर्दीचा ‘दॉन कार्लो’. गायक पावारोत्तीचा आवाज फाटला. वरच्या गॅलरीतल्या मंडळींनी, ज्यांना तिथं ‘लोजोनिस्ती’ म्हणतात, त्याची हुर्यो केली. पावारोत्ती! आमच्या संगीत नाटकातले पिटातले प्रेक्षक आणि ही मंडळी सख्खे भाऊ शोभतील. तिकीट सगळ्यात स्वस्त, कान सगळ्यात महाग. चूक आपली होती हे पावारोत्तीनं नंतर मान्य केलं. मोठेपणा.

आणि ऑर्केस्ट्रा चालवणारा तोस्कानिनी. १८९६ च्या फेब्रुवारीत तुरिनला ‘ला बोएम’चा पहिला प्रयोग यानंच बसवला, वय २८. बरोबर ५० वर्षांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून दोन रविवारी दोन-दोन अंक असा तोच ऑपेरा त्यानं रेडिओवर पुन्हा केला. त्या ध्वनिमुद्रणात गायकांच्या मागून एक म्हातारा बसक्या आवाजात गुणगुणताना ऐकू येतो. ७८ वर्षांचा तोस्कानिनी स्वतः. आजचा एखादा हुशार अभियंता त्याला ‘नॉइज’ म्हणून धुऊन काढेल, तेही दोन मिनिटांत. मी त्या गुणगुणण्यासाठीच ते परत परत लावतो.

हाच तोस्कानिनी ‘वन्स मोअर’चा वैरी होता हे आमच्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. १९०३ मध्ये प्रेक्षकांनी एका गाण्याचा ‘बीस’, म्हणजे वन्स मोअरच, मागत गोंधळ घातला म्हणून तो ला स्काला सोडून गेला होता. पुढे तिथं एकट्या गायकानं गाणं पुन्हा म्हणायची चाल बंदच पडली. १९३३ नंतर थेट २००७ च्या फेब्रुवारीत हुआन दिएगो फ्लोरेस या गायकानं ती मोडली. आमच्याकडे बालगंधर्वांच्या एका पदाला किती वन्स मोअर पडायचे याच्या गोष्टी सांगत म्हातारे पहाट करायचे. पण मागणारा आवाज दोन्हीकडे सारखाच. आणि तो आवाज म्हणजे टाळ्या. मधे एक क्षण शांतता, मग वरून एकच कुणीतरी, मग सगळे. त्या एका क्षणावरून मला समजतं गाणं कसं झालं ते. तुमचा निवेदक शेवटच्या स्वरावरच ‘आपण ऐकत होता’ म्हणून उडी मारतो. त्या शेपटीसाठी मी तीन तास बसलेलो असतो हो!

आणखी एक, बारीक आहे पण राहवत नाही. इटलीत प्रॉम्प्टर रंगमंचाच्या तोंडाशी एका खोपटात बसतो आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गायकाच्या आधी टाकतो. रेडिओवर तो स्पष्ट येतो. आधी कुजबुज, मग त्याच शब्दावर भरलेला गळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं दुसरं स्टेशन मिसळतंय, मी सवयीनं सेटच्या मागं हात घातला. नंतर कळल्यावर हसू आलं. आमच्या नाटकांत विंगेत वही घेऊन उभा असतो, तोच हा. हल्ली काही प्रक्षेपणांत तो ऐकूच येत नाही. कुठं गेला? माईक हलवलेत की त्यालाही धुतलंत?

तुम्ही म्हणाल, आजोबा, श्रोत्याला चांगलं ऐकवायला नको का? जरूर ऐकवा. चांगलं ऐकायचं असेल तेव्हा माझ्याकडे स्टुडिओत केलेल्या तबकड्या आहेत, एकही सूर इकडचा तिकडे नाही. पण मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीतल्या मैफलीत, दर्ग्यात रात्रभर बसणारा माणूस मी. तिथं तंबोरा जुळायला वेळ लागतो, मधे पोर रडतं, एखाद्याचा गळा पहाटेपर्यंत लागतच नाही आणि चारला एकदम उघडतो. ते चार वाजायला आधीचे सगळे तास लागतात. कुणी मला ‘फक्त चारचं ऐका’ म्हणून आणून दिलं तर मी घेईन, पण त्याला उरूस म्हणणार नाही.

तेव्हा मागणं इतकंच. ‘थेट’ म्हणालात तर थेट. कापाकापी केली असेल तर सुरुवातीला, बोलून, तारखेसकट सांगा. अंक चालू असताना आवाज आपोआप वरखाली करणारी यंत्रं बंद ठेवा, निदान जी माणसं इंटरनेटवरून मुद्दाम येऊन ऐकतात त्यांच्या वाहिनीवर तरी. मध्यंतरात मुलाखती घ्या, प्रश्नमंजूषा घ्या, पण घंटा झाली आणि वादक वाद्यं लावू लागले की माईक उघडे ठेवून गप्प बसा. आणि पडदा पडल्यावर निवेदकानं मनात दहा आकडे मोजावेत. आम्हाला रेडिओ बंद पडला असं वाटणार नाही. वाटलंच तर दुरुस्त करणारा घरातच आहे.

मास्तर गेले. त्यांच्या मुलीनं तो व्हॉल्व्हचा सेट मला देऊन टाकला. त्याच्या पाठीमागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं आहेत, त्यात मी नातीच्या जुन्या मोबाईलची वायर डागून घातली आहे. त्यामुळे तुमचा ऑपेरा निघतो न्यूयॉर्कहून, येतो मोबाईलमध्ये आणि वाजतो मास्तरांच्या सेटवर, अर्धा-पाऊण मिनिट उशिरानं. या उशिराबद्दल माझी तक्रार नाही.

येत्या शनिवारी परत लावतोय. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो, म्हणून अकरा पंचवीसलाच बटण दाबतो.

कळावे,
आपला,
एक श्रोता, मिरज

ता. क. : तो खोकणारा गृहस्थ तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा, खोकल्याबद्दल माझा काही राग नाही. ज्येष्ठमध चघळावं.